थीम पार्कची सहल: मुलाला सिलिॲक, मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी, दोघांच्या ताटात काय?

प्रश्न पुण्यातल्या एका आईचा आहे. त्यांच्या सोसायटीची सहल खोपोलीजवळच्या इमॅजिकाला निघाली आहे. बस सकाळी निघणार, रात्री परतणार, दुपारचं बुफे जेवण तिकिटातच धरलेलं. आठ वर्षांच्या मुलाला काही महिन्यांपूर्वी सिलिॲकचं निदान झालंय. पाच वर्षांच्या मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. गेल्या वर्षी चिक्कीचा तुकडा खाल्ल्यावर तिचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, उलट्या झाल्या. तेव्हापासून डॉक्टरांनी ॲड्रेनलिनचं इंजेक्शन जवळ बाळगायला सांगितलंय. बाहेरचं अन्न आत नेऊ देत नाहीत असं सहल ठरवणाऱ्यांचं म्हणणं. सासूबाई म्हणतात, एक दिवस गहू खाल्ल्याने काय होतंय? शेजारच्या काकूंचा सल्ला, उपासाचं मागवा म्हणजे प्रश्नच मिटला. ताईंनी विचारलंय, ‘तिथे मुलांना खाण्यासारखं काय मिळेल, की जाणंच रद्द करू?’

ताई, रद्द करू नका. मी आहारतज्ज्ञ आहे. सिलिॲक असलेल्या मुलांच्या घरांबरोबर माझं रोजचं काम असतं, आणि त्याआधी काही वर्षं मी मोठ्या केटरिंगच्या स्वयंपाकघरात काढली आहेत. ही दोन्ही कामं केल्यामुळे तुमच्या प्रश्नाकडे मी जरा वेगळ्या बाजूने पाहते. ‘काय मिळेल’ याचं उत्तर मी दिलं तरी ते टिकणार नाही. पार्कमधले ठेकेदार बदलतात, हंगामानुसार पदार्थ बदलतात, शनिवारचा मेनू मंगळवारी नसतो. तुमची खरी अडचण अशी आहे की दुपारी दीड वाजता दोन्ही मुलं भुकेने रडकुंडीला येतील, मागे रांग असेल, आणि काउंटरवरचा मुलगा जे सांगेल त्यावर तुम्हाला तिथल्या तिथे विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवावं लागेल. तो निर्णय त्या क्षणी घ्यायची वेळच येऊ नये, एवढ्यासाठी पुढचं सगळं लिहिते.

आधी दोन्ही मुलांचा धोका वेगळा काढू. घरात ‘दोघांनाही ॲलर्जी आहे’ असं एकत्र बोललं जातं आणि त्यातून गोंधळ होतो. मुलाचा सिलिॲक ही ॲलर्जी नाही. ग्लुटेन, म्हणजे गहू-बार्लीतलं प्रथिन, पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. काही मुलांना दोन-चार तासांत उलट्या किंवा पोटदुखी होते, काहींना वरवर काहीच होत नाही, पण आत नुकसान होतं. त्यात जिवावर बेतणारी घाई नसते, मात्र शिस्त रोजची लागते. मुलीचं उलटं आहे. तिला रोजचा त्रास काही नाही, पण शेंगदाणा पोटात गेला तर खेळ मिनिटांचा असतो. ओठ सुजणं, गांधी आणि उलट्या हे सगळं एकाच वेळी झालं, म्हणजे तिची पहिली प्रतिक्रियाच गंभीर होती. म्हणून सहलीचं नियोजन करताना मुलासाठी अन्नाचा विचार आधी करा आणि मुलीसाठी औषधाचा.

आता सासूबाईंच्या ‘एक दिवसा’बद्दल. त्यांना आकडा सांगा, वाद घालू नका. ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये साधारण दोन ग्रॅम, म्हणजे २००० मिलिग्रॅम ग्लुटेन असतं. सिलिॲकच्या बहुतेक रुग्णांना दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंतचं ग्लुटेन सोसतं असं मानतात, आणि ५० मिलिग्रॅम रोज काही आठवडे पोटात जात राहिलं तर आतड्यावर परिणाम दिसतो. १० मिलिग्रॅम म्हणजे त्या स्लाइसचा दोनशेवा भाग, पावाचे चार कण. त्यामुळे ‘अर्धाच पाव खाल्ला’ या वाक्याला सिलिॲकमध्ये काही अर्थ उरत नाही. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. मुलाच्या निदानाला अजून वर्षही झालेलं नाही. या काळात ‘सणावारी, सहलीला चालतं’ हे एकदा त्याच्या मनात बसलं की दहावी-अकरावीत, तुम्ही सोबत नसताना, तो स्वतःच्या सवलती स्वतः ठरवायला लागतो. सासूबाईंचं प्रेम खरं आहे. सहलीचा फराळ करायचं कामच त्यांच्याकडे सोपवा. ज्या आजीला हिंगाचा डबा वेगळा का ठेवायचा हे एकदा नीट कळतं, ती पुढे सगळ्यांत कडक पहारा करते, हे मी घरोघरी पाहिलंय.

उपासाच्या जेवणाचा सल्ला काकूंनी चांगल्या मनाने दिलाय आणि तो अर्धा बरोबर आहे. साबुदाणा, वरी, राजगिरा, बटाटा, रताळं यांत ग्लुटेन नाही. पण आपल्याकडे उपासाचं म्हटलं की दाण्याचं कूट आलंच. खिचडीत कूट, वड्यात कूट, वरीच्या तांदळाबरोबर दाण्याची आमटी, राजगिऱ्याच्या चिक्कीत दाणे. तेच ताट मुलाला चालेल आणि मुलीला दवाखान्यात पोचवेल. उलट मुलगी बिनधास्त खाईल तो साधा लोणी-पाव मुलाला चालणार नाही. एका घरात दोन मुलांची पथ्यं अशी आडवी-उभी असली की गर्दीत, घाईत ताटं बदलली जातात. एकमेकांच्या हातातला घास घेणं हा भावंडांचा हक्कच असतो. म्हणून माझा नियम असा: सहलीच्या दिवशी दोघांनीही एकच अन्न खायचं, ज्यात गहूही नाही आणि शेंगदाणाही नाही. हा नियम फक्त त्या दिवसापुरता. घरी मुलीची पोळी बंद करू नका, तिला त्याचं काही कारण नाही.

आता स्वयंपाकघराच्या आत चला. मोठ्या गर्दीच्या ठिकाणी दुपारच्या वेळी आत काय चालतं हे माहीत असलं की कुठल्या पदार्थावर विश्वास ठेवायचा ते आपोआप कळतं. तळणीच्या एक-दोन कढया किंवा यंत्रं असतात आणि त्यांत सगळं तळलं जातं: समोसे, ब्रेडचा चुरा लावलेले कटलेट, नगेट्स, फ्राइज. तळल्याने ग्लुटेन जळून नाहीसं होतं असा अनेकांचा समज असतो. तसं होत नाही, ते तेलात उतरतं आणि पुढच्या घाण्याला लागतं. म्हणजे बटाटा कितीही निर्दोष असला तरी त्या तेलातला बटाटा मुलासाठी बाद. शिवाय गोठवलेल्या फ्राइजना कुरकुरीतपणासाठी पिठाचा पातळ थर दिलेला असू शकतो. डोशाचं तसंच. तांदूळ आणि उडदाचं पीठ निर्धोक, पण त्याच तव्यावर रवा डोसा पडतो, आणि काही ठिकाणी साध्या डोशाच्या पिठातही खरपूसपणासाठी मूठभर रवा ढकलतात. पावभाजीच्या तव्यावर पाव भाजतात, तर चायनीजच्या सोया सॉसमध्ये बहुतेक वेळा गहूच असतो. पनीरच्या रश्शाला दाटपणा कशाने आणलाय ते आचाऱ्याशिवाय कुणालाच माहीत नसतं. मैदाही असेल, काजूची पेस्टही असेल, आणि खर्च वाचवायचा असेल तर शेंगदाण्याचीही.

सगळ्यांत जास्त वेळा निसटतो तो हिंग. आपण वापरतो तो बांधणी हिंग असतो. मूळ डिंक फार उग्र, म्हणून तो पिठात मिसळून बारीक करतात आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. डबीच्या मागचा घटकांचा मजकूर आज वाचून पाहा. तांदळाच्या पिठातला हिंग बाजारात मिळतो, पण केटरिंगमध्ये तो कुणी मुद्दाम आणत नाही. वरण, सांबार, मठ्ठा, बटाट्याची भाजी, लोणचं, पापड, सगळीकडे हिंग. चिमूटभर फोडणीतून वाटीभर वरणात येणारं ग्लुटेन फार थोडं असतं हे खरं. पण चार पदार्थांतून येणारं थोडं-थोडं एका ताटात जमा होतं. शिवाय ‘थोडं चालतं’ ही सुरुवात आठ वर्षांच्या मुलाबरोबर मला करायची नसते. ज्या पदार्थाला फोडणीच नाही असा पदार्थ निवडणं जास्त सोपं.

काउंटरवरचा संवाद एकदा डोळ्यांसमोर आणा. तुम्ही विचारता, ‘हे ग्लुटेन-फ्री आहे का?’ तो मुलगा अगदी प्रामाणिकपणे सांगतो, ‘हो मॅडम, मैदा अजिबात नाही, शुद्ध गव्हाचं आहे.’ हे वाक्य मी इतक्या ठिकाणी ऐकलंय की आता त्याची वाटच पाहते. तो खोटं बोलत नाही. त्याच्या लेखी ग्लुटेन म्हणजे मैदा, आणि मैदा टाळणारं गिऱ्हाईक म्हणजे वजन कमी करणारं गिऱ्हाईक. शेंगदाण्याबद्दल विचारलं की तो म्हणतो, ‘काढून देतो ना!’ आणि खरंच पोह्यांवरचे दाणे चमच्याने वेचून ताट तुमच्या हातात देतो. मुलीसाठी ते पोहे तितकेच धोक्याचे राहिलेले असतात.

म्हणून प्रश्न असा विचारायचा की त्याला नुसतं ‘हो’ म्हणताच येऊ नये. ‘या कढईत सकाळपासून काय काय तळलंय?’ ‘तळणीचं तेल कुठलं?’ ‘भात शिजवताना पाण्यात काय घालता?’ ‘रश्शाला दाटपणा कशाने येतो?’ ‘चटणीत डाळं आहे की दाणे?’ अशा प्रश्नाला उत्तर द्यायचं तर त्याला आत जाऊन विचारावं लागतं, आणि आत गेलेला माणूस बहुतेक वेळा आचाऱ्याला किंवा सुपरवायझरला घेऊन बाहेर येतो. तुम्हाला बोलायचं असतं ते त्याच्याशी. सोबत एक लहानसं कार्ड ठेवा, मराठीत आणि हिंदीत, कारण अशा स्वयंपाकघरांतले बरेच कामगार बाहेरच्या राज्यांतले असतात. कार्डावर ‘ग्लुटेन’ हा शब्द लिहूच नका. लिहा: गहू, आटा, मैदा, रवा, दलिया, शेवया, ब्रेडचा चुरा, बार्ली, हिंग, सोया सॉस चालत नाही. शेंगदाणा, दाण्याचं कूट, दाण्याची चटणी, शेंगदाणा तेल चालत नाही. शेवटची ओळ: ‘चुकून खाल्ल्यास मुलीच्या जिवाला धोका आहे.’ ही ओळ लिहायला संकोच वाटतो, पण स्वयंपाकघरात काम केलेली व्यक्ती म्हणून सांगते, आतला माणूस ती ओळ वाचून हात धुतो.

वेळ हा यातला अर्धा उपाय आहे. बुफे उघडल्या उघडल्या जा, गर्दी व्हायच्या आधी. तेव्हा डाव ज्या-त्या भांड्यात असतो, आचारी मोकळा असतो, आणि मांडलेल्या भांड्यातून न घेता आतल्या पातेल्यातून वाढून द्या असं म्हणायला जागा असते. तासाभरात छोल्यांचा डाव भातात आणि पोळीचा चुरा कोशिंबिरीत गेलेला असतो. तेव्हा सुपरवायझर कितीही भला असला तरी त्याच्या हातात काही उरत नाही.

कायद्याचा आधार किती? काही आहे, तो वापरा. एफएसएसएआयच्या, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार वेष्टनावर ॲलर्जी करणारे घटक वेगळे लिहावे लागतात. त्या यादीत ग्लुटेन असलेली धान्यं आणि शेंगदाणे दोन्ही आहेत. ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायचं तर एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये. केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा-अधिक ठिकाणी दुकानं असलेल्या हॉटेलांनी मेनूवर ॲलर्जीची माहिती द्यायची आहे. त्यामुळे उद्यानातल्या एखाद्या मोठ्या साखळीच्या काउंटरवर ही माहिती मागायला तुम्ही हक्काने जाऊ शकता. पण कागद तुम्हाला घटक सांगतो, त्याच कढईत आधी काय तळलं ते सांगत नाही. बंद वेष्टनातल्या वस्तूवर मी कायद्यामुळे विश्वास ठेवते. उघड्या अन्नाबाबत मात्र समोरच्या माणसाशी बोलूनच काय ते ठरवते.

अमेरिकेतले नातेवाईक तुम्हाला सांगतील की तिकडे किती सोपं आहे. ऑर्लँडोच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये ॲलर्जी असणाऱ्यांसाठी वेगळा मेनू मागता येतो, मोबाइलवर ऑर्डर देताना तो निवडता येतो आणि स्वतःचं खाणंही आत नेता येतं. हे सगळं खरं आहे आणि आपल्याकडेही यायलाच हवं. पण तिथेही पूर्ण हमी कुणी देत नाही. स्वयंपाकघर सामायिक आहे, हे ते स्पष्ट सांगतात. म्हणजे पालकांचं काम तिथे हलकं होतं, पण संपत नाही. तुम्हाला कधी तिकडे जायचा योग आला तर याच पद्धतीने जा, प्रश्न तेच राहतात.

आता करायच्या गोष्टी. सहलीच्या किमान आठ-दहा दिवस आधी उद्यानाच्या ग्राहकसेवेला ईमेल करा. फोन नको, कारण प्रवेशद्वारावरच्या सुरक्षारक्षकाला दाखवायला लेखी उत्तर लागतं. बाहेरचं अन्न न नेण्याचा नियम आपल्याकडच्या बहुतेक उद्यानांत असतो, पण तान्ह्या बाळाचं खाणं आणि वैद्यकीय कारण यांचा विचार वेगळा होऊ शकतो. तो होतो की नाही हे मागितल्याशिवाय कळत नाही. मजकूर साधा ठेवा. मी पालकांना साधारण असा लिहून देते:

‘आम्ही अमुक तारखेला सोसायटीच्या सहलीतून येत आहोत. माझ्या मुलाला सिलिॲक हा आजार आहे आणि मुलीला शेंगदाण्याची गंभीर ॲलर्जी आहे. डॉक्टरांचं पत्र जोडलं आहे. दोन मुलांपुरता घरचा डबा आणि इंजेक्शनचं औषध आत नेण्याची लेखी परवानगी द्यावी. दुपारच्या बुफेत हिंग आणि फोडणी नसलेला साधा भात, साधं दही व अख्खी फळं मिळू शकतील का, आणि त्यासाठी कुणाला भेटायचं, ते कळवावं. तळणीसाठी कुठलं तेल वापरता तेही सांगावं.’

डॉक्टरांचं पत्र लेटरहेडवर, शिक्क्यासह घ्या. पत्रात आजाराच्या नावाबरोबर ‘घरचं अन्न आणि औषध सोबत असणं आवश्यक’ असं वाक्य असायलाच हवं. नुसतं निदान लिहिलेलं पत्र रक्षकाच्या उपयोगाचं नसतं. उत्तर आलं नाही तर दोन दिवसांनी त्याच ईमेलवर पुन्हा लिहा आणि सहल ठरवणाऱ्यांनाही लावून धरायला सांगा. गटाचं तिकीट काढणाऱ्याच्या शब्दाला उद्यानाकडे वजन असतं.

परवानगी मिळाली तर डब्यात काय? दोघांनाही चालेल असं: तांदळाची भाकरी किंवा घावन, हिंगाशिवाय केलेली बटाट्याची सुकी भाजी, दहीभात, दाण्यांऐवजी हरभऱ्याची डाळ घातलेला लिंबूभात, घरचे नाचणीचे लाडू, तुपावर परतलेले मखाने, खोबऱ्याची वडी. दोन ठिकाणी सावध राहा. एक, मेतकूट. दहीभाताबरोबर हात सवयीने तिकडेच जातो, पण पारंपरिक मेतकुटात डाळींबरोबर गहूही असतो आणि हिंगही. भाजणीचंही तेच, घराघराची भाजणी वेगळी, बऱ्याच घरी तीत गहू घालतात. दुसरं, गिरणी. ज्वारी, बाजरी, नाचणी स्वतः निर्दोष असल्या तरी ज्या जात्यातून दिवसभर गहू निघतो त्याच जात्यातून ते पीठ निघालं तर त्यात गहू आलाच. गिरणीवाला ‘आधी थोडं दुसरं दळून घेतो’ म्हणतो, तेवढ्याने भागत नाही. घरघंटी असेल आणि तिच्यावर गहू दळला जात नसेल तर उत्तम. नसेल तर ग्लुटेन-फ्री लिहिलेलं बंद पाकिटातलं पीठ आणा. तेल घरी शेंगदाण्याचं वापरत असाल तर त्या दिवशी डब्यासाठी सूर्यफुलाचं घ्या. आपल्याकडच्या घाण्याच्या तेलात दाण्याची प्रथिनं उरू शकतात.

उन्हात अन्न टिकण्याचंही पाहा. गरम अन्न ६० अंशांच्या वर आणि थंड ५ अंशांच्या खाली राहिलं पाहिजे. मधल्या तापमानात भात दोन तासांवर ठेवू नये. गरमसाठी चांगला थर्मास घ्या, त्यात आधी उकळतं पाणी दहा मिनिटं भरून ठेवा, ओतून टाका आणि मग वाफाळता भात भरा. दहीभात न्यायचा तर भात पूर्ण गार करून, दही घालून, फ्रीजमध्ये ठेवलेला डबा बर्फाच्या पॅकबरोबर पिशवीत. बसमध्ये ती पिशवी पायाशी ठेवा, खाली डिकीत नको.

परवानगी नाकारली तर मी पोट कशावर भरेन ते सांगते. साल असलेली अख्खी फळं, केळं सर्वांत भरवशाचं. साधं दही. उकडलेली अंडी, समोर सोललेली. आतल्या पातेल्यातला साधा भात आणि तूप. मक्याचे दाणे, फक्त लोणी-मीठ लावून, मसाला नको. बंद पाकिटातले साधे खारे वेफर्स, घटक आणि त्याखालची ‘अंश असू शकतात’ ही ओळ वाचून. आइस्क्रीम बंद कपातलं, तेही लेबल वाचूनच. कोनवरचं किंवा स्कूपने काढलेलं नको, कारण तो स्कूप बदामात, चिक्कीच्या चुऱ्यात आणि बिस्किटात बुडून आलेला असतो. मेजवानी होत नाही हे कबूल, पण एक दुपार निघते. सकाळी घरून भरपेट न्याहारी आणि परतताना बसमध्ये राखून ठेवलेला डबा एवढं असलं की मुलं कुरकुरत नाहीत.

बसबद्दल ताईंनी काही विचारलेलं नाही, पण मला उद्यानापेक्षा बसची काळजी जास्त वाटते. पुण्याहून खोपोलीचा रस्ता लोणावळ्यावरून जातो. परतताना कुणीतरी म्हणणार, पाच मिनिटं थांबवा, चिक्की घेऊ, आणि मग घरापर्यंत चाळीस माणसं बसमध्ये दाण्याची चिक्की फोडत बसणार. सकाळी वडापाव आला तर त्यातल्या लसणाच्या सुक्या चटणीत बऱ्याचदा दाणे असतात. नुसत्या वासाने किंवा हवेतून गंभीर प्रतिक्रिया येण्याचा धोका फार कमी असतो, त्यामुळे घाबरून जाऊ नका. खरा मार्ग हाताचा आहे: चुरा सीटवर पडतो, हाताला लागतो, हात डोळ्याला किंवा तोंडाला जातो, किंवा एखादे प्रेमळ आजोबा ‘घे गं बाळा’ म्हणून तुकडा पुढे करतात. म्हणून सहलीच्या ग्रुपवर आधीच एक निरोप टाका, की चिक्की सगळ्यांनी जरूर घ्यावी, पण बसमध्ये उघडू नये. लोक ऐकतात, विशेषतः कारण सांगितलं तर. मुलीला खिडकीजवळ बसवा, बसल्याबरोबर सीट आणि समोरची जाळी ओल्या वाइप्सनी पुसा. हात साबणाने धुवा किंवा वाइप्सनी पुसा. सॅनिटायझरने जंतू मरतात, पण दाण्याचं प्रथिन हातावर तसंच राहतं.

औषधाचं शेवटी लिहितेय, तरी तयारी त्याचीच आधी करा. ॲड्रेनलिनचं तयार पेन आपल्याकडे सहज मिळत नाही, म्हणून बरेच डॉक्टर कुपी आणि सिरिंज देतात, मुलीच्या वजनानुसार किती भरायचं ते लिहून देतात आणि भरून दाखवतात. तुमच्याकडे काय आहे ते तपासा, मुदत पाहा, आणि सहलीआधी एकदा डॉक्टरांकडे जाऊन तुम्ही दोघांनीही हाताने सराव करा. इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, स्नायूत द्यायचं असतं. खाल्ल्यावर श्वास घ्यायला त्रास, आवाज घोगरा, सतत खोकला, मूल अचानक मलूल होणं, किंवा गांधींबरोबर उलट्या, यांपैकी काही दिसलं तर डॉक्टरांनी लिहून दिलेल्या सूचनेप्रमाणे लगेच द्यायचं. ॲलर्जीचं सिरप पाजून वाट पाहत बसायचं नाही, सिरपने खाज थांबते, श्वास मोकळा होत नाही. मग मुलीला आडवं ठेवायचं, पाय वर; श्वासाला त्रास होत असेल तर बसवून ठेवायचं, पण चालवायचं नाही. १०८ ला फोन आणि उद्यानाच्या प्रथमोपचार केंद्राला निरोप. बरं वाटलं तरी रुग्णालयात जायचंच, कारण काही तासांनी पुन्हा त्रास उसळू शकतो. खोपोली किंवा पनवेल बाजूचं चोवीस तास चालणारं कुठलं रुग्णालय जवळ पडेल ते आधीच शोधून फोन नंबर साठवून ठेवा.

आणि एक गोष्ट, जी पाळण्यांच्या उद्यानातच घडते. मोठ्या राइडवर पिशवी नेऊ देत नाहीत, पाण्याच्या खेळांना तर सगळंच लॉकरमध्ये जातं. अशा वेळी औषधही लॉकरमध्ये जातं आणि किल्ली बाबांच्या मनगटावर, बाबा राइडवर. म्हणून आधीच ठरवा: मुलीबरोबर खाली थांबणाऱ्या माणसाच्या खांद्यावर ती पिशवी. माणूस बदलला की पिशवी हातातून हातात द्यायची, बोलून द्यायची. औषध उन्हात तापलेल्या बसमध्ये ठेवायचं नाही आणि थेट बर्फाला लावूनही ठेवायचं नाही. लहान जाड पिशवीत, सावलीत.

यातलं काही तुमच्या परिस्थितीवर ठरेल, ते माझ्याकडून इथे ठरणार नाही. मुलीला काजू-बदामही वर्ज्य आहेत की फक्त शेंगदाणा, हे तिच्या डॉक्टरांनी तपासणीवरून सांगायला हवं. मुलाच्या रक्तातल्या अँटीबॉडी अजून खूप जास्त असतील, वजन भरत नसेल, तर मी परवानगी मिळाली नाही तरच बुफेचा विचार करेन, आणि तोही फळं-दह्यापुरता. सहल मे महिन्यातल्या रविवारी असेल तर सुपरवायझरशी बोलण्याचा उपाय जवळपास निकामी होतो, तेव्हा डबाच हवा. कामाच्या दिवशी, कमी गर्दीत, बरंच काही जमतं.

आणि एवढं सगळं करून मुलाच्या पोटात गहू गेलाच, तर उलटी करवू नका, उपाशी ठेवू नका. पाणी, ओआरएस, साधा भात, विश्रांती. उलट्या थांबत नसतील किंवा मूल सुस्त पडलं तर डॉक्टर. काय खाल्लं, किती वाजता, कुठे, ते वहीत लिहून पुढच्या तपासणीला दाखवा. त्याला रागावू नका, म्हणजे पुढच्या वेळी चुकून काही खाल्लं तर तो ते तुमच्यापासून लपवणार नाही.

ईमेल आजच पाठवा. उत्तर आलं की नाव-नंबर काढून इथे टाका. तेलाबद्दल आणि भाताबद्दल त्यांनी नेमकं काय लिहिलंय ते पाहून, बुफेतलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं ते मी ओळीओळीने सांगते.